बारा पावलांवरून

पुनाने कासरा ओढला आणि गाडी कपाशीच्या वावरात मध्येच उभी राहिली. बोरझिरं आता हाकेच्या अंतरावर होतं. पण बैल आणि आपण इथून पुढे जाणार नाही, असं त्याने शांतपणे सांगून टाकलं. लीलाधरने कारण विचारलं, तर त्याने गावाच्या दिशेला नुसती हनुवटी वळवली. ऐका... म्हणजे कळेल.

दिवस कलला होता. एकोणीसशे अठराच्या त्या साली पावसाने ऐन भरात पाठ फिरवली आणि कापूस वेळेआधीच फुटला. वेचायला माणूस नव्हतं. मानमोडीच्या तापाने घरोघर माणसं आडवी झाली होती. बोंडांतून सुटलेला कापूस वाऱ्याबरोबर जमिनीवरून सरपटत बांधापर्यंत जात होता आणि तिथे गोळा होऊन थांबत होता, जणू कोणाची तरी वाट पाहतोय. कोसभर सगळं पांढरं, आणि एक पाखरू नाही.

मग डफ वाजला. तीन थापा... थोडं थांबून आणखी एक.

"आयका हो आयका... सुकदेवना घरमा आज दोन जन पडनात. त्याना दारमा कोनी जाऊ नका. पानी उंबरठावर ठेवा, हाक मारा, आन् मांगे फिरा. बेबाबाईनी पोर आज उठी बसनी. ह्या आजारवर दवाई काय शे, ते माले मालूम नई. गर्दी करू नका, इतलंच मालूम शे."

आवाज पुरुषी होता, खोल, जरासा पोकळ. विहिरीतून यावा तसा. गावाकडूनही नाही, शेताकडूनही नाही, तिसरीकडूनच कुठून तरी येत होता.

लीलाधरने पुनाकडे पाहिलं. पुना त्याची वळकटी आणि कागदांची पेटी खाली उतरवत होता. चार दिवसांनी येईन, म्हणाला, इथेच, ह्याच झाडाशी. आणि गाडी वळवून निघूनही गेला.

लीलाधर पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाला होता. आजा तापीवर नाव हाकायचा, बाप बोदवडच्या स्टेशनात खलाशी, आणि हा धुळ्याला आरोग्य खात्यात तात्पुरता निरीक्षक. साथीत काय करावं, काय टाळावं याचं सरकारी पत्रक त्यानेच लिहिलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. ते पत्रक किती गावांत पोचलं आणि त्याने किती मृत्यू टळले, याचा तक्ता करायला साहेबांनी त्याला पाठवलं होतं. चौदा गावं झाली. चौदाही गावांत पत्रक पोचलं होतं आणि चौदाही गावांत माणसं मरत होती. बोरझिऱ्याएवढ्याच शेजारच्या गावात एका पंधरवड्यात सदतीस गेली. बोरझिऱ्यात चार. धरणगावच्या कचेरीतल्या नोंदवहीत तो चारचा आकडा त्याने तीनदा पाहिला होता. आकडा खोटा असेल तर कोणी खोटा लिहिला, आणि खरा असेल तर का? या एका प्रश्नापायी त्याला दोन रात्री झोप नव्हती.

तो आवाजाच्या रोखाने चालू लागला.

"तिथेच थांबा."

हा आवाज बाईचा होता. कपाशीच्या दोन ओळींमधून ती बाहेर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, सावळी, कपाळ मोकळं, पदर तोंडावरून घेऊन मागे खोचलेला. पदराच्या वर नुसते डोळे. हातात नारळाएवढा काळा दगड. धावत आल्यासारखा तिचा श्वास वरखाली होत होता, आणि लीलाधरने सवयीने तेही टिपून ठेवलं.

तिने दगड जमिनीवर ठेवला, त्याच्यापासून मागे मागे जात बारा पावलं मोजली आणि उभी राहिली.

परगावचा माणूस या दगडाच्या अलीकडे यायचा नाही, तिने सांगितलं. वावरात राखणीचा माळा आहे, त्यावर राहायचं. ताप आला नाही तर दगड रोज तीन पावलं पुढे सरकेल. चार दिवसांनी गाव मोकळं. भाकर दगडावर येईल. ती शाळेत चार इयत्ता शिकलेली होती आणि साहेबलोकांशी बोलायची मराठी तिला येत होती... ती बोलताना किंचित हसू दाबत होती, एवढंच.

"हा नियम कोणाचा?" लीलाधरने विचारलं.

"लोटन जागल्याचा. गावाचा राखणदार, माझा बाप."

"आत्ता दवंडी देत होते ते?"

"तेच."

"त्यांना भेटता येईल?"

तिने डोळे त्याच्यावरून काढले आणि गावामागच्या पळसांकडे नेले. तिकडे अंधार जरा लवकर पडला होता.

"येईल की," ती म्हणाली. "पण त्यांना जाळून आज बारावा दिवस आहे."

*

सकाळी माळ्यावर जाग आली तेव्हा दगडावर कळण्याची भाकर आणि ठेचा होता, आणि बारा पावलांवर ती उभी होती. रात्री भुताने काही त्रास दिला का, असं तिने विचारलं. भुताने नाही, पिसवांनी दिला, तो म्हणाला. तिचं नाव तानू. दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी प्लेगात नवरा गेला. त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. तेव्हापासून ती बापाजवळ.

"ताप बघा," तिने हुकूम सोडला.

त्याने थर्मामीटर झटकून तोंडात धरलं. ती त्या काचेच्या नळीकडे लहान मुलासारखी टक लावून बघत राहिली. त्याने आकडा सांगितला.

"आणि खोटं सांगितलंत तर?"

"हे खोटं बोलत नाही."

"ते नाही हो बोलणार. वाचणाऱ्याचं काय?"

लीलाधरने नळी पुसून डबीत ठेवली. पुण्याच्या तोंडी परीक्षेतही कोणी त्याला असं अडवलं नव्हतं. तिने दगड उचलला, तीन पावलं पुढे ठेवला आणि दगडाशी उभं राहून घटकाभर त्याच्याकडे पाहिलं... मग नऊ पावलं मागे गेली.

त्या दिवशी तो बोलत राहिला आणि ती शेंगा निवडत उत्तरं देत राहिली. सरकारी पत्रकाचं काय झालं, हे त्याने भीत भीत विचारलं. गठ्ठा पाटलाकडे आला होता, ती म्हणाली. कागद फार चांगला निघाला. धान्याच्या कणग्यांची सगळी भोकं बुजली.

त्याचा चेहरा पडलेला पाहून ती निवडायची थांबली. तिने एक पत्रक वाचलं होतं म्हणे, पूर्ण. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पण त्यात सुकदेवचं घर कुठे होतं? कोण पडलं, कोण उठून बसलं, आज कोणाच्या अंगणातून जायचं नाही, हे त्या कागदाला ठाऊक होतं का? आणि कागद एकदा बोलून गप्प बसतो. माणूस उद्या पुन्हा येऊन सांगतो.

तिच्या बापाने पहिल्याच दिवशी गावाला एक खूण लावून दिली होती. ज्या घरात कोणी आजारी पडेल त्याने दारात घडा पालथा ठेवायचा. सकाळी गल्लीतून नुसतं चालत गेलं की कळतं, संध्याकाळी डफावर सांगायचं. तसं सांगत असतानाच सातव्या दिवशी तो स्वतः वेशीत कोसळला.

"आणि तरी सांगतातच आहेत," लीलाधर म्हणाला.

"पितृपंधरवडा आहे, साहेब," ती शेंगांकडे बघत म्हणाली. "या दिवसांत जाणारे लांब जात नाहीत."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की त्याने नकळत पळसांकडे पाहिलं. भर दुपार होती. बांधावर कापूस गोळा होऊन थांबला होता.

त्या संध्याकाळी डफाच्या पहिल्या थापेला तो माळ्यावरून उतरला. गावाला वळसा घालून, दगडाचा नियम न मोडता, पळसांच्या मागच्या मसणवटीकडे गेला. राख अजून काळीभोर होती. राखेजवळ बूड फुटलेला एक जुना रांजण आडवा पडला होता, त्याचं तोंड गावाकडे. आणि रांजणाच्या फुटक्या बुडाशी गुडघे टेकून तानू बसली होती. डाव्या हातात डफ, डोळे मिटलेले, मान खाली. रांजणात शिरणारा आवाज तिचा होता. पलीकडून निघणारा लोटन जागल्याचा.

लीलाधर तिथून हललाच नाही. पोकळीत आवाज घुमून जाड कसा होतो, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. पण डोळे मिटून एक मुलगी आपल्या मेलेल्या बापाचं तोंड होते, तेव्हा तिच्या गालावरून काय ओघळतं, हे पुस्तकात नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी सहा पावलं उरली होती. सहा पावलांवरून तिच्या पापण्या मोजता येतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने घाईने थर्मामीटरकडे पाहिलं.

"रांजणाचं तोंड," तो पाऱ्याकडे बघत म्हणाला, "चार बोटं वर उचललंत तर आवाज पाटलाच्या आळीपर्यंत जाईल. खाली एखादा दगड लावा."

त्याने मान वर केली. ती उभीच होती, पण तिच्या डोळ्यांतली गंमत पार विझली होती.

मग ती बोलली ते हळू, आणि तिच्या घरच्या बोलीत. बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळं गाव सवयीने दारात उभं राहिलं. वाट बघत. बाप नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी उभं राहिलं. तिच्याच्याने ते बघवलं नाही. ती रांजणाकडे गेली. आपल्या आवाजात सांगितलं असतं तर कोण ऐकणार? कपाळ मोकळं असलेली पोर गावाला शिकवते, म्हणाले असते. आणि पुढचं माणूस मेलं की त्यांनी तिच्याकडेच बघितलं असतं. सातपुड्याच्या पायथ्याशी तिच्या मावशीला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं होतं. मेलेल्याचा आवाज चोरणारीला काय ठरवतील?

"तुमच्या तक्त्यात आमच्या गावापुढे काय लिहिलंय?" तिने विचारलं.

लीलाधरला खोटं बोलता येत नव्हतं. त्याने तक्ता काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात रात्री पेन्सिलीने लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं. *ग्रामस्थ मृताच्या भयाने सूचना पाळतात. प्रत्यक्षात दवंडी त्याची मुलगी देते.*

"हे धुळ्याला गेलं की धरणगावच्या कचेरीत येईल. तिथून पाटलाकडे. तिथून..." तिने पुढचं सांगितलं नाही.

"मी आजवर एक आकडा खोटा लिहिला नाही, तानूबाई."

"खोटं नकाच लिहू. कोरं सोडा."

वाऱ्याने कागद फडफडला. लीलाधरने तो पेटीवर दाबून धरला. कोरा रकाना म्हणजे निरीक्षकाने काम केलं नाही. साहेब तेवढं एकच वाचतील. नोकरी तात्पुरती होती आणि बापाचे गुडघे गेले होते.

"उद्यापर्यंत तरी थांबा," ती म्हणाली. "उद्या सर्वपित्री. आजवरच्या सगळ्या दवंड्या एका बाजूला आणि उद्याची एका बाजूला."

शेजारच्या गावाने आदल्या संध्याकाळी मरीआईचा गाडा बोरझिऱ्याच्या शिवेवर आणून सोडला होता. हातभर लांबीचा लाकडी गाडा, आत हिरव्या बांगड्या, लिंबं, कुंकू माखलेली बाहुली. साथ त्यात बसवून पुढच्या गावाच्या हद्दीत लोटायची, ही जुनी रीत. आता बोरझिऱ्याने तो तापीपर्यंत लोटायचा, आणि प्रत्येक घरातल्या एकाचा तरी हात गाड्याला लागलाच पाहिजे. उद्या दिवेलागणीला सगळं गाव शिवेवर खांद्याला खांदा लावून उभं राहणार होतं. आजारी घरंही. शेजारच्या गावात सदतीस माणसं अशाच दोन संध्याकाळींनंतर गेली होती, आणि ते आकडे लीलाधरच्या पेटीत होते.

"आबांच्या आवाजात सांगेन, जाऊ नका म्हणून," ती म्हणाली. "ऐकतील."

मग जाता जाता वळली आणि पहिल्यांदाच तिने पदर तोंडावरून खाली घेतला... एक क्षणभर, सहा पावलांवरून.

"उद्या तीन पावलं," ती म्हणाली. "परवा तर दगडच नको."

*

चौथ्या दिवशी सकाळी दगडावर भाकर नव्हती.

लीलाधर माळ्यावर उभा राहिला. जागल्याचं घर गावाच्या अगदी कडेला, वावराला लागून. दार लोटलेलं. आणि दारात, सकाळच्या उन्हात, घडा पालथा.

त्याच वेळी पुना झाडाशी येऊन गाडीवरून हाका मारत होता. धुळ्याहून निरोप होता. तक्ता घेऊन उद्या सकाळी हजर व्हावं, नाहीतर पुढे यायची तसदी घेऊ नये. लीलाधरने पेटी उघडली, रबराने शेऱ्याचा रकाना पुसला, तक्ता गुंडाळून पुनाच्या हातात दिला आणि एवढाच साहेबांना दे, म्हणून सांगितलं. पुनाने त्याच्याकडे पाहिलं, पालथ्या घड्याकडे पाहिलं आणि बैलांना वळवलं.

लीलाधर दगडापाशी आला. आयुष्यात त्याने मोजल्याशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं. आता त्याने दगड ओलांडला आणि पळत सुटला.

तानू जमिनीवर पडली होती. श्वास भात्यासारखा चालला होता, ओठ निळसर. एकशे चार. त्याने तोंडाला रुमाल बांधला, दार आणि मागची खिडकी सताड उघडली, तिचं अंथरूण वाऱ्यात ओढलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पत्रकात त्यानेच लिहिलेलं सगळं केलं. दोन धोंडे आणि एक मोडकी वीट यांच्या डुगडुगत्या चुलीवर पाणी उकळलं. ते दोनदा सांडलं. ती त्याला ओळखत नव्हती. मधूनच आबा, आबा, म्हणून कोपऱ्याकडे बघून बोलायची, गप्प व्हायची, आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची.

कोपऱ्यात खुंटीवर फक्त डफ होता.

ऊन उतरलं. गावात दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले, मग पावलांचे. पलीकडे शिवेवर कोणी तरी मशालीला तेल पाजत होतं. दिवेलागण झाली होती आणि दवंडी अजून झाली नव्हती. लीलाधरने डफ खुंटीवरून काढला. रांजणापर्यंत जायला अजून वेळ होता. आवाज जमेल की नाही, कोण जाणे. आपली बोदवडची बोली त्याने पुण्यात जाणूनबुजून विसरून टाकली होती. पण तो दाराकडे निघाला आणि तानूने त्याचं मनगट धरलं. तापाने धगधगता हात. तिचे डोळे मिटलेले होते. श्वास अडकला, सुटला, पुन्हा अडकला. आत्ता तिला सोडून गेलो तर परत येईपर्यंत...

तो उंबरठ्यात उभा राहिला. एका हातात डफ, दुसरा तिच्या मुठीत.

आणि डफ वाजला.

त्याच्या हातातला नाही. पळसांमागून. तीन थापा... थोडं थांबून आणखी एक.

"आयका हो आयका... आज शिववर कोनी जाऊ नका. दारं लावा, दिवे लावा, आपला घरमा ऱ्हा. तुम्हना हात लागाले नको. गाडा मी लई जास."

लीलाधरला वाटलं, आपल्यालाच ताप चढला. त्याने खाली पाहिलं. प्रत्येक थापेबरोबर त्याच्या हातातल्या डफाचं कातडं आपोआप थरथरत होतं. एक डफ वाजला की जवळचा दुसरा कंप पावतो. कंप पावायला मात्र पहिला आवाज खरा असावा लागतो. त्याने ते थरथरणं बोटांनी मोजलं.

शिवेकडे निघालेली पावलं गल्लीतच थांबली. मग आवाज पुन्हा आला. या वेळी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"सांगनारा सांगी गया... आयकनारा जगो."

एकेक करून दारं लागत गेली. तानूची मूठ सैल झाली. तिला दरदरून घाम फुटला होता.

*

सकाळी भिकुबाई आली. जुनी सुईण, अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली. तिने पाण्याची घागर उंबरठ्यावर ठेवली, नियमाने बारा पावलं मागे गेली आणि कमरेवर हात ठेवून लीलाधरला आपादमस्तक न्याहाळलं. पोरीचा ताप उतरला, हे ऐकून तिने आधी डोळे पुसले. मग म्हणाली,

"काल सांजले तूच व्हता ना रे भाऊ?"

लीलाधरने वाकून घागर उचलली. त्याला एकच विचारायचं होतं. रोजच्या आवाजाची गावाला भीती वाटत नव्हती का?

म्हातारी बिनदाताचं हसली.

"भीती कसानी? आम्ही बठ्ठा बहिऱ्या शेतस का? पहिलाच दिन वळखं, पोर शे म्हनीसन. बापना आवाजमा सांगं, तितलंच तिना जीवले बरं वाटे. मंग आम्ही बी म्हनूत, लोटन सांगस."

"मग तिचं ऐकलंत कसं?"

"ती बठ्ठासनी नावं लई लई सांगे भाऊ. आन् मालूम नई, ते मालूम नई म्हने. आते अशा मानूसनं आयकानं नई, ते कोनं आयकानं?" ती वळली, चार पावलं गेली आणि थांबली. "पन काल... काल जसाना तसा लोटन. तुले चांगलं जमनं."

ती गेल्यावर लीलाधर घागर घेऊन उंबरठ्यात बसला. चौदा गावं हिंडून, एका संध्याकाळी रांजणामागे उभं राहून, त्याने गावाच्या मनातलं एक वाक्य लिहिलं होतं आणि ते साफ चूक होतं. ते कोरं सोडायची अक्कल त्याची नव्हती, तानूची होती.

नंतर तो शिवेवर गेला. गाडा तिथे नव्हता. धुळीत चाकांच्या दोन बारीक रेघा तापीच्या दिशेने सरळ गेल्या होत्या. त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि वाकला. रेघांच्या मध्ये, रेघांच्या बाजूला, मागे... धूळ गुळगुळीत होती. पाऊल एकही नव्हतं. तो तसाच वाकून राहिला. मग मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली आणि मागे वळून न बघता घरी आला.

*

आजारी पडल्यापासून आठव्या दिवशी तानू भिंतीला टेकून बसली. ताप गेला होता, पण जाताना आवाज घेऊन गेला. ओठ हलायचे, वारा यायचा, शब्द यायचा नाही. आणखी दोन दिवसांनी कुजबुज उमटू लागली. ती ऐकायची तर अगदी जवळ बसावं लागे, आणि लीलाधरची त्याला हरकत नव्हती.

बोरझिऱ्यात आणखी दोनजणं गेली होती. शेजारच्या गावांत अजून जातच होती. धुळ्याहून पुनाबरोबर पत्र आलं की खात्याला आता त्याची गरज नाही. लीलाधरने ते वाचून कणगीच्या भोकात बसवलं, तेव्हा तानू आवाजाविना हसली.

त्या संध्याकाळी दोघं उंबरठ्याच्या आत बसली होती. बाहेर दिवेलागण होत होती आणि पळसांकडून काही ऐकू येत नव्हतं. त्या सर्वपित्रीपासून एकदाही आलं नव्हतं.

"मला एक सांगायचंय," लीलाधर म्हणाला. "त्या संध्याकाळची दवंडी... गाव म्हणतं मी दिली. मी नाही दिली. मी इथेच होतो. माझा हात..." तो थांबला. "माझा हात मोकळा नव्हता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. घाबरली नाही. नुसतं कुजबुजली, "शेवटी काय म्हणाले?"

त्याने ते शब्द सांगितले, जसे ऐकले होते तसे, बोदवडच्या आपल्या जुन्या जिभेने. सांगनारा सांगी गया, आयकनारा जगो.

तानूने पदर तोंडावर दाबला. मग पदर सोडून तिने सांगितलं. प्रत्येक दवंडीच्या शेवटी आबा हे म्हणायचे, तीस वर्षं. ती एकदाही म्हणाली नव्हती. म्हटलं की सांगणारा जातो, असं तिला वाटायचं. म्हणून पंधरा दिवस तिने त्यांना अर्ध्या वाक्यावर अडवून धरलं होतं.

"आता गेले," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "त्यांनी तुम्हाला बघितलं असेल ना... इथे बसलेलं?"

"बघितलं असेल."

"आणि काही म्हणाले नाहीत?"

"गाडा मी नेतो म्हणाले. घरमा ऱ्हा म्हणाले."

तिच्या फिकट गालांवर हळूहळू रंग चढला. तिने मान खाली घातली.

लीलाधरने घसा साफ केला. ती चौदा गावं अजून तशीच होती, तो म्हणाला. प्रत्येक गावात एक जागल्या असतो, एक डफ असतो. तो त्यांच्याकडे जाणार होता. पण काय सांगायचं आणि कसं, ते त्याला येत नव्हतं. रसायनशास्त्र झालं होतं, हे राहून गेलं होतं. कोणी शिकवलं तर... कोणी बरोबर आलं तर...

"कोणी म्हणजे?" ती कुजबुजली.

"तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला.

तानू भिंतीला धरून उठली. त्याला हाताने थांबवून, स्वतःच, डगमगत अंगण ओलांडून वावरात गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत तो काळा दगड होता. रानात अकरा दिवस एकाच जागी पडलेला, त्याला खालून माती चिकटली होती. तिने पदराने माती पुसली, चुलीशी बसली, मोडकी वीट काढून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी तो दगड बसवला. हलवून पाहिलं. तीनही धोंडे घट्ट.

"पाटाच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही फार," ती चुलीकडे बघत, जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली. "भिकुबाईला विचारा. आणि... पाणी ठेवा आता. सांडणार नाही."